विहिरीच्या वरच्या अंगाला

नमुने घ्यायला जायचं म्हणजे आमच्याकडे एक प्रकारचं सोवळंच असतं. त्या दिवशी अंगाला तेल, क्रीम, पावडर काही लावायचं नाही. नवे कपडे घालायचे नाहीत, पुष्कळदा धुऊन विटलेला सुती शर्ट घालायचा. रेनकोट चालत नाही, पाणी न धरणारे बूट चालत नाहीत. वाटेत भजी बांधून घेतली आणि तोच हात बाटलीला लावला, तेही चालत नाही. जे शोधायला निघालो ते या सगळ्यात असू शकतं, आणि ते इतक्या बारीक प्रमाणात मोजायचं असतं की आपल्याच अंगावरून बाटलीत गेलं तर पाणी दूषित की आपण, हे कळायला मार्ग नसतो.

लातूरकडे माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं गाव आहे. तिच्या विहिरीचं पाणी घ्यायला पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं दारातच हातावर लाडू ठेवला. मी हात मागे घेतला. म्हणालो, आधी बाटल्या, मग लाडू. मी काही धरत नाही, कशाला शिवत नाही, हे ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"आमच्या घरी येऊन सोवळं तुझं," ती म्हणाली, "मग विटाळ कुणाचा रे बापू?"

दाजी, म्हणजे तिचे यजमान, खाटेवरून हसले. मीही हसलो.

मी नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. केस पांढरे झाले, नोकरीची थोडी वर्षं राहिली. बोलणं मला कधी जमलं नाही. वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवतो असं पोरं म्हणतात, ते खरं आहे. उत्तरवयात एका मोठ्या संस्थेच्या संशोधनात आमच्या कॉलेजला भाग मिळाला. काम असं की गोदावरीच्या काठाची आणि आतल्या गावांची पाणी, माती, दूध, अंडी गोळा करायची आणि त्यांत फ्लोरिनची ती न मोडणारी रसायनं आहेत का ते बघायचं. तव्याला चिकटू नये, कापडाला पाणी लागू नये, कागदाला तेल लागू नये म्हणून माणसानं ही बनवली. कार्बन आणि फ्लोरिनची गाठ इतकी पक्की की ऊन, पाऊस, जंतू कोणीच ती सोडवत नाही. पाण्यातून मातीत, मातीतून किड्यात, किड्यातून कोंबडीत, अंड्यात, माणसाच्या रक्तात ती जातात. त्यांतली काही माणसाच्या अंगात वर्षानुवर्षं मुक्काम करतात.

असल्या कामात तुलनेसाठी एखादं स्वच्छ ठिकाण लागतं. कारखाना नाही, मोठा रस्ता नाही, शहराचं सांडपाणी नाही असं. ते मी निवडलं. अक्काचं शेत.

पहिल्या खेपेचा निकाल आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. विष्णुपुरीच्या धरणाजवळचं पाणी, अर्धापूरकडच्या केळीच्या बागांमधल्या विहिरी, सगळ्यांच्या वर अक्काच्या विहिरीचा आकडा होता. अंड्यांचा त्याहून पुष्कळ वर. आकडा इतका अशक्य होता की मला बरंच वाटलं. म्हणजे चूक माझी, असं मी धरून चाललो. कुठल्यातरी बाटलीचं झाकण, माझा पट्टा, लाडू. त्या मोठ्या संस्थेत हे काम बघणाऱ्या बाईंना फोन करून सांगितलं की हा नमुना माझ्याकडून बाटला असावा, परत घेतो.

परत घेतला. सगळं पाळून घेतला. विहिरीच्या काठावर शुद्ध पाण्याची बाटली उघडून ठेवली, हवेतून किंवा माझ्यातून काही जातं का ते कळावं म्हणून. ती बाटली स्वच्छ निघाली. विहीर नाही निघाली.

मग मला आठवलं. आठवलं म्हणणंही खोटं आहे, विसरलो कधीच नव्हतो. त्याचा या गोष्टीशी संबंध लावला नव्हता एवढंच.

पंचवीसेक वर्षांपूर्वी अक्काच्या गावाच्या भागात मंडपाचं कापड आणि ताडपत्र्या तयार करणारा एक कारखाना होता. आता तिथे नुसत्या भिंती आहेत. कापडाला पाणी आणि तेल लागू नये म्हणून ते लेप द्यायचे. त्यांच्या टाक्यांच्या तळाशी राखाडी गाळ साचायचा आणि तो टाकायला जागा नव्हती. आमच्या तेव्हाच्या प्राचार्यांच्या ओळखीनं तिथला व्यवस्थापक माझ्याकडे गोणीत गाळ घेऊन आला. शेतीला चालेल का, एवढं बघून द्या. मी नवा होतो, कोणी काहीतरी विचारायला आलं याचंच अप्रूप होतं. सामू तपासला, क्षार तपासले, नत्र तपासलं. आमच्याकडे एवढंच तपासता येत होतं. नत्र बरं निघालं. कॉलेजच्या छापील कागदावर मी लिहून दिलं की सदर गाळ शेतीस वापरण्यास हरकत नाही. खाली सही केली, शिक्का मारला.

आमच्या भागात साखर कारखान्याची मळी शेतात टाकायची जुनी रीत आहे. उसाचा रस गाळून राहिलेला तो काळा चोथा, जमीन तोंड भरून खाते. हा गाळही लोकांना मळीच वाटला. कारखान्यातून निघतं, ट्रॅक्टरनं येतं, फुकट मिळतं, म्हणजे मळीच. अक्काच्या गावात कोणी घ्यायला तयार नव्हतं तेव्हा मीच दाजींना म्हणालो, घ्या, मी तपासलंय. दाजींनी माझा कागद चावडीवर दाखवला. "आपल्या घरचाच मास्तर हाय, त्यानं लिहून दिलंय." मग आणखी काही घरांनी घेतली. दाजींनी सगळ्यात जास्त. विहिरीच्या वरच्या अंगाला, उताराच्या डोक्यावर, ट्रॉल्यांवर ट्रॉल्या.

एक गोष्ट मी तेव्हा डोळ्यांनी बघितली होती. गाळाच्या ढेकळावर दाजींनी तांब्यातलं पाणी ओतलं, तर ते मुरलं नाही. अळूच्या पानावर राहतात तसे थेंब वर गोल उभे राहिले आणि घरंगळून गेले. दाजी म्हणाले, "मास्तर, ही कसली मळी? हिला तहानच न्हाई." मला गंमत वाटली. मी रसायनशास्त्राचा माणूस. मला गंमत वाटली.

इथपर्यंतचं कोणीही मला माफ करेल. तेव्हा कोणाला माहीत होतं, असं म्हणेल. मीही बरेच दिवस स्वतःला तेच म्हणालो. मला सांगायचं आहे ते पुढचं, माहीत झाल्यावरचं.

दुसरा निकाल आला तेव्हा अक्काच्या सुनेला सातवा लागला होता. आठवड्यानं तिचं डोहाळजेवण होतं आणि मला आमंत्रण होतं. मी ठरवून गेलो की आज सांगायचं. अंगणात चुलाण पेटलेलं, विहिरीवरून घागरी येत होत्या. सून हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून बसली होती, बायका तिला चिडवत होत्या, पेढा की बर्फी विचारत होत्या. मी ताटावर बसलो नाही. उपास आहे म्हणालो.

"तू कधीपासून उपास धरून राहिलास?" अक्का म्हणाली. "देवाला हात जोडताना तुला मी बघितलं न्हाई."

"पोटाचा उपास आहे," म्हणालो. बायका हसल्या.

मग अक्कानं हळूच विचारलं, "त्या पाण्याचं काय निघालं रे?"

मी म्हणालो, "फ्लोरिनचं आहे काहीतरी."

"फ्लोराइड होय," ती म्हणाली. "ते तर सगळीकडंच हाय. किनवटकडं दात पिवळे होतात, तसलं."

"तसलंच," मी म्हणालो.

ते तसलं नव्हतं. तिला माहीत नव्हतं, मला होतं. त्या एका शब्दाच्या आड मी जवळपास वर्षभर बसून राहिलो.

कारणं माझ्याकडे भरपूर होती. आमच्या नियमाप्रमाणे घरांची नावं उघड करायची नसतात. अहवालात अक्काचं घर म्हणजे 'स्थळ अकरा' होतं. प्रत्येकाला त्याचा निकाल सांगायचा, हाही नियमच होता, पण तो कधी सांगायचा ते लिहिलेलं नव्हतं. सून माहेरी गेली बाळंतपणाला, तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला. तिकडचं पाणी वेगळं. जे अंगात गेलं ते चार महिन्यांत निघत नाही, हे मला पाठ होतं, वर्गात सांगितलंही होतं. तरी सुटकेचा श्वास टाकला. मुलगा झाला. तीन महिन्यांनी ती परत आली. अक्काचा फोन आला, "सुनेला रोज दोन अंडी देते बघ, घरच्या कोंबडीची. दूध चांगलं उतरलंय." मी म्हणालो, "बरं."

बरं म्हणालो मी.

आणि वानवळा. शेतात जे पहिलं येईल ते आधी नात्यात पाठवायचं, ही आमची रीत. अक्कानं ती कधी मोडली नाही. त्यांच्या गावचा एक कंडक्टर नांदेडच्या गाडीवर असतो, त्याच्या हाती दर पंधरा दिवसांनी पिशवी यायची. भाजी, भुसात घालून अंडी. वानवळा नाकारता येत नाही. नाकारला तर कारण द्यावं लागतं. मी पिशवी घ्यायचो आणि तशीच प्रयोगशाळेत न्यायचो. तिथे आमचे चाचा. प्रयोगशाळेचे परिचर, जुन्या नांदेडातले, माझ्याआधीपासून कॉलेजात. काचेची भांडी त्यांच्याइतकी स्वच्छ कोणी धूत नाही. घरी लेक, सून, तीन नातवंडं. मी पिशवी त्यांच्या हातात द्यायचो.

"सर, तुमच्यासाठी ठेवा की थोडी."

"मला पचत नाहीत, चाचा."

"अल्ला तुमच्या बहेनला बरकत देवो. पोरं भांडतात या अंड्यांसाठी. दुकानाच्या अंड्याला हात लावत न्हाईत आता."

उकिरड्यावर टाकता आली असती. जमिनीत पुरता आली असती. पण अन्न टाकवत नाही, असं मी मनाशी म्हणायचो. बारा-चौदा पिशव्या तरी गेल्या असतील त्यांच्या घरी.

एका सोमवारी अक्का स्वतःच आली. डोळे दाखवायला नांदेडला आली होती, पिशवी बरोबर. माझा तास चालू होता. चाचांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि भल्या मनानं म्हणाले, "बहेनजी, तुमची अंडी तर आम्हीच खातो. सरांना पचत न्हाईत ना."

तास संपवून आलो तर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"लहानपणी चार-चार खायचास," ती म्हणाली. "माझ्या वाटचं चोरून खायचास. आता पचना?"

मी हातातली वही टेबलावर ठेवली.

"डोहाळजेवणाला जेवला न्हाईस. दिवाळीला चहा पण घेतला न्हाईस, मी बघितलंय. आमच्या हातचं चालंना का तुला? लई मोठा झालास का?"

"तसं नाही, अक्का."

"मग कसं हाय? बोल की. मास्तर ना तू? दुसऱ्यांच्या लेकरांपुढं रोज बोलतोस."

मग मी बोललो. तिथंच, बेसिनपाशी उभं राहून. आधी विहिरीचं, मग अंड्यांचं, मग त्या गाळाचं. चाचा बाजूला बाटल्या विसळत होते. नळ चालू होता. तो त्यांनी केव्हा बंद केला ते मला कळलं नाही.

अक्कानं एवढंच विचारलं, "कधीपासून माहीत हाय तुला?"

"डोहाळजेवणाच्या आधी आठ दिवस."

तिनं पिशवी उचलली. दारात थांबली, वळून चाचांना म्हणाली, "भाई, मला माहीत नव्हतं." आणि गेली.

चाचांनी हात पुसले. मला वाटलं, आता काही बोलतील. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सर, लहान नात दोन वर्षांची हाय. ती लई खायची." मग म्हणाले, "चावी टेबलावर ठेवतो." त्यानंतर ते मला सर म्हणतात, काम करतात, काहीच बदललं नाही. फक्त माझ्या हातून चहाचा कप घेत नाहीत.

पुढच्या रविवारी मी गावाला गेलो. दाजी, भाचा, अक्का, सगळे माजघरात बसलेले. सून दाराशी बाळाला कडेवर घेऊन उभी. मी सगळं पुन्हा सांगितलं. पाणी उकळून ते जात नाही, उलट आटवलं तर वाढतं. विहीर उपसून जात नाही, कारण ते मातीत आहे. माती किती उकरणार आणि कुठं टाकणार?

दाजींनी तळहात चोळले. मग म्हणाले, "तुझ्या कागदावर मळी टाकली. आता तुझ्याच कागदावर विहीर बुजवू का?"

"दाजी, माझं चुकलं."

"चुकलं तर तेव्हा सगळ्यांचंच. नवीन होतास. पण ह्या वर्षाचं काय, मास्तर? ह्या वर्षी तर तू जुना होतास."

भाचा म्हणाला, कुठंतरी अर्ज करू, कुणालातरी भरपाई मागू. कारखाना कुणाचा होता ते कोणाला धड माहीत नव्हतं. दाजींनी त्याला गप्प बसवलं. "अर्जात गावाचं नाव लिहावं लागंल. उद्या पेपरात आलं तर ह्या गावात पोरगी कोण देईल? हितल्या पोरी कोण करून घेईल? न्हाई. हे ह्या चार भिंतींत ऱ्हाईल." आणि माझ्याकडे बघून, "तुला गप बसायची सवय हायच."

त्या दुपारचं शेवटचं सांगण्याआधी नंतर काय झालं ते सांगून टाकतो, कारण फारसं काही झालं नाही. मी त्यांच्याकडे पाणी गाळायचं चांगलं यंत्र बसवलं. प्यायचं पाणी त्यातून येतं. यंत्रानं गाळून बाजूला काढलेलं, आणखी घट्ट झालेलं पाणी नळीनं मागच्या परसात जातं, कारण दुसरीकडे जायला जागा नाही. जनावरं विहिरीचंच पितात. अंडी घरात खात नाहीत. बाजारात जातात की नाही हे मी विचारलं नाही. दोन कार्यालयांत मी माझ्या नावानं गेलो, गावाचं नाव न घेता. एका ठिकाणी साहेबानं मला तपासणीचा तक्ता दाखवला, त्यात या रसायनांची ओळच नव्हती. "ओळ नाही तर मी भरू कुठं, सर?" तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. गाळ घेतलेली बाकीची घरं आपापल्या विहिरीचं पाणी पितात. मी दाजींना शब्द दिला आहे. म्हणून इथंही गावाचं नाव नाही. हा कबुलीजबाब अर्धाच आहे, हे मला माहीत आहे. अर्धाच देण्याएवढा मी आहे.

तर ती दुपार. पुरुषांचं बोलणं संपलं होतं. विहीर, जमीन, सोयरिकी, सगळं झालं. अक्का पदरानं डोळे पुसत होती. तेव्हा दाराशी उभी असलेली सून पहिल्यांदा बोलली. तिला तोवर कोणी काही विचारलं नव्हतं.

"मामा, माझ्या दुधात हाय का ते?"

मी फरशीकडे बघितलं. पण उत्तर दिलं. "असणार."

"म्हणजे मी ह्याला पाजून राहिले ते."

"हो."

"मग पाजू का नको?"

याचं उत्तर मी पुस्तकांत शोधलेलं होतं. डॉक्टरांना विचारलेलं होतं. सगळे सांगतात पाजावं. दुधाचे फायदे मोठे, वरचं दूध करायला पुन्हा पाणी लागतंच. मी ते सगळं सांगितलं. एक गोष्ट सांगायची नव्हती, पण आता लपवायचं नाही असं ठरवून आलो होतो, म्हणून तीही सांगितली. पाजल्यानं आईच्या अंगातलं हळूहळू कमी होतं.

ती शहाणी पोर आहे. म्हणाली, "माझ्यातलं कमी होतं, म्हणजे ह्याच्यात जातं."

"हो."

"तरी पाज म्हणता."

"हो. पाज."

"तुम्ही डोहाळजेवणाला आलता, मामा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तेव्हा सांगितलं असतं तर मी माहेराहून घागर आणली असती. एवढंच. दुसरं काही नसतं केलं. परत आल्यावर अंडी तरी खाल्ली नसती."

बाळ तिच्या खांद्याशी तोंड घासायला लागलं, मग कुरकुरायला. भुकेची वेळ झाली होती. तिनं अक्काकडे बघितलं. अक्काचा पदर डोळ्यांवरच होता. तिनं नवऱ्याकडे बघितलं, तो भिंतीकडे बघत होता. बाळ रडायला लागलं. ती कोपऱ्यात जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली आणि पदर ओढून घेतला.

बाई पाजायला बसली की पुरुषांनी उठायचं असतं. आम्ही तिघं उठलो आणि ओट्यावर येऊन उभे राहिलो. आतलं रडणं हळूहळू थांबलं.